हात लावताच फाटणारी कातडी : मांजरांचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार

पंख असलेल्या मांजराचा फोटो दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरून येतो. पाठीवर, खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना केसाळ पंखांसारखं काहीतरी लोंबत असतं. खाली कुणी हात जोडतं, कुणी 'फोटोशॉप आहे' म्हणून निकालात काढतं. यातले काही फोटो बनावट असतात. काही मांजरांच्या बाबतीत ते पंख म्हणजे लांब केसांच्या जटा असतात, कापल्या की पंख गेले. पण काही मांजरांच्या पाठीवर खरोखरच कातडीचा सैल पदर लोंबत असतो आणि त्यामागे एक आजार असतो. अशा मांजराची कातडी नको तेवढी ताणली जाते आणि ताणता ताणता फाटते.

पशुवैद्यक या आजाराला 'फेलाइन क्युटेनियस अस्थेनिया' म्हणतात. माणसांमध्ये अशाच आजारांचा एक मोठा गट आहे, त्याला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम म्हणतात. एडवर्ड एहलर्स हे डॅनिश त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी १९०१ मध्ये असा एक रुग्ण नोंदवला, तर फ्रान्सच्या आंरी-अलेक्झांद्र डॅनलॉस यांनी १९०८ मध्ये. मांजरांच्या आजारालाही बरेच डॉक्टर हेच नाव देतात. या लेखात आपण त्याला नुसतं अस्थेनिया म्हणू.

आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे तुमच्या घरातल्या मांजराला तो असण्याची शक्यता फार कमी. तरी त्यावर लिहायला हवं, कारण ज्या मांजराला तो असतो त्याचं सगळं आयुष्य लोक त्याला कसं धरतात, कसं उचलतात यावर ठरतं. त्याला धरणाऱ्या माणसांना मात्र याची सहसा काहीच कल्पना नसते.

जखम मोठी, रक्त थोडं

समजा, सात-आठ महिन्यांचं पिल्लू आहे. खातंय, खेळतंय, केस चांगले आहेत. एक दिवस खांद्याजवळ केसांत काहीतरी गुलाबी दिसतं. केस बाजूला केले तर चांगली दोन-तीन इंचांची फाट. कडा सरळ, कात्रीनं कापल्यासारख्या, आणि जखमेचं तोंड आ वासलेलं. आतला ओलसर गुलाबी थर स्वच्छ दिसतोय, पण रक्त म्हणावं तर दोन-चार थेंब. पिल्लू फारसं कण्हतही नाही. पाय वर करून मानेला खाजवलं, तेवढं निमित्त पुरलं.

नीट तपासलं तर जुन्या जखमांच्या खुणाही सापडतात. पाठीवर, मानेवर पातळ, चकाकणारे, सुरकुतलेले पांढरट वण असतात. या मांजरांच्या जखमा भरून येतात, बऱ्याचदा पटकनही येतात. मात्र भरून आलेली कातडी पापुद्र्याइतकी पातळ असते आणि पुढच्या वेळी बहुधा तिथेच फाटते.

ही जखम पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती कुत्र्याची. मग शेजाऱ्याची, वॉचमनची, सोसायटीतल्या मुलांची आणि शेवटी मांजर पाळणाऱ्याचीच. दर महिन्याला नवी जखम घेऊन दवाखान्यात येणाऱ्या माणसाकडे लोक संशयानं बघणारच. माणसांतही हे घडलेलं आहे. मुलाला एहलर्स-डॅनलॉस असताना आईवडिलांवर मारहाणीचा संशय घेतला गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मांजराला मारहाण होतच नाही असं मी मुळीच म्हणणार नाही, ती होते आणि भरपूर होते. पण मारहाणीत किंवा कुत्र्याच्या चाव्यात आसपास सूज येते, काळंनिळं पडतं, दातांच्या खुणा असतात, मांजर दुखऱ्या जागी हात लावू देत नाही. फाट एवढी मोठी आणि आसपास मार लागल्याची खूणच नाही, असं पुन:पुन्हा दिसलं तर कातडीकडेच पाहायला हवं.

काही मांजरांत यासोबत आणखीही काही दिसतं. सांधे ढिले असतात, कातडीखाली रक्त साकळून गाठ येते, एखाद्याला हर्निया होतो. सगळ्यांना सगळं होत नाही.

कातडीला ताकद येते कुठून?

कातडीचा आपल्याला दिसतो तो वरचा थर अगदी पातळ असतो. ताण सोसतो तो त्याखालचा जाड थर. या थरातलं पाणी वजा केलं तर उरलेल्या वजनाचा सर्वांत मोठा वाटा एकाच प्रथिनाचा असतो, कोलेजनचा. शरीरात सगळ्यांत जास्त प्रमाणात असणारं प्रथिन हेच. कातडी, स्नायूबंध, हाडं, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे तेच आहे.

कोलेजन समजून घ्यायचं तर दोर कसा वळतात ते डोळ्यांपुढे आणावं. घायपाताच्या वाखाचे तीन पेड घेतात, एकमेकांवर पीळ देतात आणि तीन पेडी दोरी तयार होते. कोलेजनचा रेणू अगदी असाच बनतो. प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात. पीळ घट्ट बसावा म्हणून साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असतं, कारण पिळाच्या आतल्या बाजूला त्याहून मोठं काही मावतच नाही. मग अशा असंख्य दोऱ्या शेजारी शेजारी लागतात, एकमेकींना आडव्या बंधांनी जोडल्या जातात आणि जाड दोर बनतो. आपण मांजराची कातडी चिमटीत धरून उचलतो आणि सोडल्यावर ती जागच्या जागी बसते, तेव्हा सगळा भार या दोरांनी पेललेला असतो.

या कामात दोन पायऱ्या महत्त्वाच्या आहेत. नुकत्याच वळलेल्या दोरीच्या दोन्ही टोकांना सुट्या झिपऱ्या असतात. शरीर विशिष्ट विकर, म्हणजे एन्झाइम वापरून त्या छाटून टाकतं. छाटल्या नाहीत तर दोऱ्या एकमेकींना चिकटून नीट बसत नाहीत. ही एक पायरी. दुसरी म्हणजे दोर किती जाड व्हावा, कुठून सुरू व्हावा, हे ठरवायला आत एक गाभा लागतो. हा गाभा वेगळ्या प्रकारच्या कोलेजनचा असतो, त्याला पाचव्या प्रकारचं कोलेजन म्हणतात. प्रमाणात तो अगदी थोडा, पण तो कमी पडला तर दोर संख्येनं कमी आणि आकारानं वेडेवाकडे होतात.

चूक नेमकी कुठे होते

या दोन्ही पायऱ्यांवर बिघाड झालेली मांजरं सापडलेली आहेत, आणि त्यांचा माग लागला तो वासरांमुळे. १९६० च्या दशकात बेल्जियममध्ये काही वासरं अशी जन्माला येऊ लागली की त्यांची कातडी नुसत्या धरण्यानं फाटे. पुढच्या काही वर्षांत संशोधकांच्या लक्षात आलं की या वासरांमध्ये टोकाच्या झिपऱ्या छाटणारं विकरच चालत नाही. पुढे मेंढ्यांत तेच दिसलं. १९८० मध्ये एका हिमालयन जातीच्या मांजरावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच्याही कातडीतल्या कोलेजनची टोकं छाटली गेलेली नव्हती. माणसांतले असे रुग्ण तर १९९० च्या दशकात ओळखू आले, आणि माणसातला व वासरातला दोष एकाच जनुकात असल्याचं १९९९ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे माणसाचा एक आजार आपल्याला गोठ्यातून कळला. प्राण्यांच्या दुर्मीळ आजारांवर वेळ आणि पैसा कशाला घालवायचा, असं विचारणाऱ्यांना मी आवर्जून हे उदाहरण देते.

दुसरा प्रकार गाभ्यातल्या बिघाडाचा. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आखूड केसांच्या एका साध्या घरगुती मांजराचा डीएनए तपासला. पाचव्या प्रकारच्या कोलेजनची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्या 'सीओएल५ए१' जनुकातलं एक अक्षर गळालेलं होतं. फक्त एक अक्षर. पण जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो, त्यामुळे एक अक्षर गळालं की पुढचे सगळे गट सरकतात आणि मजकूर निरर्थक होतो. २०२२ मध्ये आणखी काही मांजरांत याच जनुकातल्या चुका सापडल्या, पण त्या वेगळ्या जागी आणि वेगळ्या तऱ्हेच्या होत्या. याच जनुकातला दोष माणसांमध्ये एहलर्स-डॅनलॉसचा सर्वांत आधी वर्णन झालेला प्रकार घडवतो.

चुका अशा निरनिराळ्या असल्यामुळे गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून करता येईल अशी एकच ठरावीक डीएनए चाचणी सगळ्या मांजरांना पुरत नाही. एका मांजरात चुकलेलं अक्षर दुसऱ्यात शाबूत असू शकतं. चाचणी 'निर्दोष' आली म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही.

आईबापांकडून पिल्लाकडे

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. गाभ्याच्या कोलेजनची एक प्रत बिघडली तरी पुरवठा निम्म्यावर येतो आणि आजार दिसतो. अशा मांजराची पिल्लं निरोगी जोडीदाराकडून झाली तरी प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. दोन्ही प्रती बिघडल्या तर काय होतं? उंदरांवरच्या प्रयोगांत असे गर्भ जन्मापूर्वीच दगावतात.

झिपऱ्या छाटणाऱ्या विकराचं गणित वेगळं. तिथे एक चांगली प्रत पुरते. एक प्रत बिघडलेली असलेलं मांजर दिसायला, हात लावायला अगदी निरोगी असतं. अशा दोघांचं मीलन झालं तरच आजार वर येतो, आणि तेव्हाही प्रत्येक पिल्लामागे शक्यता एक चतुर्थांश. हा प्रकार जवळच्या नात्यात पैदास केल्यावर जास्त दिसतो, कारण भावाबहिणींना तीच बिघडलेली प्रत एकाच आजीकडून मिळालेली असू शकते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्याकडच्या प्रथेवर डॉक्टर बोट ठेवतात ते याच हिशेबानं.

कधी कधी आईबाप दोघांतही काहीच दोष नसतो आणि चूक त्या पिल्लातच नव्यानं होते. म्हणूनच 'आमच्याकडे आई, मावश्या सगळ्या ठणठणीत आहेत' एवढ्यावरून हा आजार नाकारता येत नाही.

संसर्गाची भीतीही इथेच काढून टाकते. गजकर्ण एका मांजराकडून दुसऱ्याला आणि माणसालाही लागतं, खरूजही पसरते. अस्थेनिया कुणापासून कुणालाही होत नाही. त्यात गजकर्णासारखे केस गळून चट्टे पडत नाहीत आणि खरुजेसारखी अखंड खाजही नसते.

डॉक्टर ओळखतात कसं?

सुरुवात मोजपट्टीनं होते. मांजराला शांत उभं करून कमरेवरची कातडी दोन बोटांत धरून अलगद वर उचलतात आणि त्या घडीची उंची मोजतात. मग डोक्याच्या मागच्या हाडापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजतात. उंचीला लांबीनं भागून शंभरानं गुणलं की ताणाचा निर्देशांक मिळतो. मांजरात तो १९ टक्क्यांपर्यंत असेल तर ठीक मानतात. लांबी ४० सेंटिमीटर आणि घडी ७ सेंटिमीटर असेल तर निर्देशांक साडेसतरा, म्हणजे चिंता नाही. घडी १० सेंटिमीटर उचलली गेली तर तो २५ होतो, आणि शंका पक्की व्हायला लागते.

हे वाचून कुणी घरी मोजपट्टी घेऊन बसू नये, ही कळकळीची विनंती. आजार असलाच तर तुमच्या चिमटीतच कातडी फाटेल. मोजमाप दवाखान्यातच व्हायला हवं, कारण तिथे लगेच टाके घालता येतात.

पुढची पायरी म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. कोलेजनसाठी खास रंग वापरले तर दोरांची विस्कटलेली मांडणी दिसते, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एकेका दोराचा छेद पाहता येतो. निरोगी कातडीत हे छेद गोल आणि जवळपास सारख्या आकाराचे असतात, आजारी कातडीत ते वाकडेतिकडे, लहानमोठे दिसतात. काही मांजरांत साध्या तपासणीत काहीच वावगं आढळत नाही. निर्देशांक जास्त आहे, लहानपणापासूनच्या जखमांचा इतिहास आहे आणि अहवाल मात्र 'नॉर्मल' आहे, अशा वेळी अहवालापेक्षा मांजरावर विश्वास ठेवावा.

'आमच्या म्हाताऱ्या बोक्याची कातडीही अशीच फाटली'

तो बहुधा वेगळा आजार आहे आणि त्याकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं. आनुवंशिक अस्थेनिया जन्मापासून असतो आणि साधारण पहिल्या वर्षभरात लक्षात येतो. दहा-बारा वर्षं धडधाकट असलेल्या मांजराची कातडी अचानक पातळ होऊन फाटायला लागली, तर आत दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून कॉर्टिसोल जास्त स्रवणं हे एक नेहमीचं कारण. मधुमेह, यकृताचे आजार किंवा कर्करोग यांतही असं होतं. आणि एक कारण आपणच निर्माण केलेलं असतं. खाज थांबावी म्हणून महिनोन्‌महिने दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा माजावर येऊ नये म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या.

या मांजरांची कातडी पातळ होते, पण रबरासारखी ताणली जात नाही, आणि मूळ कारण सापडून त्यावर उपचार झाले तर ती सावरूही शकते. स्टेरॉइड चालू असेल तर मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये, ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून टप्प्याटप्प्यानंच कमी करावं लागतं.

'व्हिटॅमिन सी किंवा कोलेजन पावडर देऊन बघू का?'

प्रश्न रास्त आहे. कोलेजनचा पीळ सुटू नये म्हणून शरीर त्यात काही रासायनिक बदल करतं आणि त्यासाठी व्हिटॅमिन सी लागतं. पूर्वी लांबच्या सफरीवर निघालेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा उघडायच्या, ते या जीवनसत्त्वाच्या अभावानं पीळ सैल पडल्यामुळे. पण माणसाला व्हिटॅमिन सी बाहेरून घ्यावं लागतं, मांजर ते स्वतःच्या यकृतात तयार करतं. मांजराचा बिघाड जनुकात लिहिलेल्या कृतीत असतो, सामान कमी पडल्यामुळे नव्हे. काही डॉक्टर आधार म्हणून व्हिटॅमिन सी देतात, पण त्यानं आजार जात नाही. जास्त झालं तर जुलाब होतात, लघवीत ऑक्झलेटचे खडे होण्याचा धोका वाढतो. मनानं देऊ नये.

कोलेजन पावडरीचा तर इथे काहीच उपयोग नाही. खाल्लेलं कोलेजन पोटात पचतं, त्याचे बारीक तुकडे आणि अमिनो आम्लं होतात. त्यातून नवा दोर वळायचा तो शरीराच्या त्याच बिघडलेल्या कृतीनं. या मांजराला औषधाच्या बाटलीपेक्षा सावध हातांची जास्त गरज आहे.

मग घरात करायचं काय

सगळ्यात पहिलं, मानगुटीला धरून उचलणं कायमचं बंद. मांजरीण पिल्लाला तसंच उचलते हे खरं, पण या पिल्लाची कातडी आईच्या तोंडातही फाटू शकते. उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली, सगळं वजन तळहातांवर घ्यायचं. ते निसटून जायला लागलं तर जाऊ द्यायचं. पकड घट्ट करायची नाही. घरातल्या लहान मुलांना हे एकदा नीट समजावून सांगितलं की मुलं ते मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात.

नखं नियमित कापायची, पुढची आणि मागचीही, कारण बऱ्याच जखमांचं निमित्त स्वतःचं खाजवणंच असतं. म्हणूनच पिसवांचा बंदोबस्त वर्षभर हवा. नखं मुळासकट काढून टाकण्याची शस्त्रक्रिया कुणी सुचवली तर नकार द्या. त्यात बोटाचं शेवटचं हाडच कापलं जातं, युरोपच्या बहुतेक देशांत ती बंद आहे, आणि या मांजराच्या कातडीला तर आणखी दहा जखमा कशाला?

गळ्यात पट्टा नको, घुंगराचा तर नकोच. खिडकीच्या जाळीची बाहेर आलेली तारेची टोकं, पलंगाखालची खिळ्यांची डोकी, फुटक्या कुंड्यांच्या कडा, हे सगळं मांजराच्या उंचीवर बसून एकदा बघून घ्या. झोपायच्या जागी जाड, मऊ अंथरूण. बाहेर सोडणं बंद, आणि घरात मस्तीखोर दुसरं मांजर असेल तर दोघांना वेगळं ठेवण्याची सोय. दंगा करणारा जोडीदार या मांजराला परवडत नाही. हे मला लिहितानाही जड जातं, कारण ते बिचारं पिल्लू इतर पिल्लांइतकंच खेळकर असतं.

तरीही जखम होणारच. झाली की औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सलाईननं ती हळूच धुवा, स्वच्छ ओल्या कापडानं झाका आणि दवाखाना गाठा. हळद, टूथपेस्ट लावू नका. डेटॉलसारखी फिनॉल वर्गातली जंतुनाशकं मांजराला विषारी असतात आणि ते जखम चाटणारच आहे. दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नका. माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

'त्यापेक्षा सोडवलेलं बरं नाही का?'

सोडवणं म्हणजे दयामरण देणं. हा प्रश्न प्रेमापोटीच विचारला जातो, त्यामुळे विचारणाऱ्याला दोष देणार नाही. ज्या मांजराच्या जखमा सतत चिघळतात, ज्याला रोज वेदना आहेत, त्याच्याबाबत हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा लागतो. पण नाव कळल्या कळल्या तो घेण्याचं काही कारण नाही. कातडी दुबळी असली तरी मांजर आजारी दिसत नाही. भूक चांगली असते, उन्हात लोळतं, पायांत घोटाळतं. घराच्या आत, काळजीपूर्वक सांभाळलेली अशी मांजरं वर्षानुवर्षं जगलेली आहेत. जखमांची संख्या मुख्यतः घर कसं आहे आणि हात कसे आहेत यावर ठरते, आणि ते दोन्ही बदलता येतं. माझं मत विचाराल तर आधी सहा महिने घर बदलून पाहावं.

'आमचं देशी आहे, हे विकतच्या मांजरांचे आजार'

तसं नाही. शास्त्रीय नोंदींमध्ये हिमालयन आणि बर्मीज मांजरं आहेत, पण आखूड केसांची, कुठल्याच जातीची नसलेली साधी घरगुती मांजरंही आहेत. नव्यानं होणारी चूक जात बघून होत नाही.

फरक पडतो तो पुढे. गल्लीतलं असं मांजर फार जगत नाही, त्यामुळे दोष तिथेच थांबतो. पैदास करणाऱ्याच्या पिंजऱ्यात मात्र एकच देखणा बोका वर्षानुवर्षं वापरला जातो, त्याच्याच लेकींशी, नातींशी. घोड्यांमध्ये याचं टोक दिसलं आहे. अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स जातीत पाठीची कातडी सोलवटून निघणारा असाच एक आनुवंशिक आजार पोको ब्युनो नावाच्या एका नामांकित घोड्याच्या वंशातून पसरला. मुंबई-पुण्यात पर्शियन पिल्लांचा धंदा गेल्या काही वर्षांत केवढा वाढलाय ते आपण पाहतोच. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये वेगळे नियम केले, पण ते कुत्र्यांपुरते आहेत. २०१८ चे पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम मांजरांना लागू होतात, पण पैदास करताना कुणाचं मीलन कुणाशी लावायचं, हे ते सांगत नाहीत. तेव्हा पिल्लू घेणाऱ्यानंच विचारायला हवं: आई दाखवा, बाप कोण, दोघांचं नातं काय, आधीच्या वेतातली पिल्लं कशी आहेत? उत्तर टाळलं तर तिथून निघावं. आणि आजार निघालाच तर पिल्लू विकणाऱ्याला लेखी कळवा, म्हणजे त्या जोडीकडून पुढचं वेत घेताना त्याला 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

आजारी मांजराची नसबंदी मात्र करायलाच हवी, जातिवंत असो वा गल्लीतलं. 'कातडी अशी असताना शस्त्रक्रिया?' असं वाटणं साहजिक आहे. धोका आहे, पण डॉक्टरांना आधी माहीत असेल तर तो आटोक्यात ठेवता येतो. टाके जास्त घालायचे आणि कडेपासून जरा लांबून घ्यायचे, म्हणजे ताण वाटला जातो. प्लॅस्टिकच्या कडक गळपट्टीऐवजी कापडाची मऊ गळपट्टी घालायची. खरी दुखापत बऱ्याचदा शस्त्रक्रियेच्या टेबलाबाहेरच होते. पुढच्या पायावरचे केस काढताना यंत्राचं पातं लागतं, किंवा सलाईनची सुई काढताना चिकटपट्टी ओढली जाते आणि तिच्याबरोबर केस व खालची कातडीही निघून येते. ज्या दिवशी मांजराला ठेवून यायचं असेल त्या दिवशी टोपलीच्या झाकणावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद लावा: 'कातडी फाटते. मानगुटीला धरू नका. चिकटपट्टी लावू नका, केसांना न चिकटणारी पट्टी वापरा.' डॉक्टरांशी तुमचं बोलणं झालेलं असलं तरी संध्याकाळी मांजराला पिंजऱ्यातून बाहेर काढणारा मदतनीस दुसराच असतो.